कऱ्हाळ्यांचा अर्धा र

वेबसाइट बनवणाऱ्या माणसाला हिंगोलीत काय म्हणायचं, हे अजून ठरलेलं नाही. डॉक्टरला डॉक्टर म्हणतात, अडत्याला अडत्या म्हणतात. मला कुणी 'नेटवाले' म्हणतं, कुणी 'कॉम्प्युटरवाले', आणि आमची आत्या पाहुण्यांना सांगते, "ह्याचं मोबाइल दुरुस्तीचं हाय." सुरुवातीची काही वर्षं मी सुधारून सांगत होतो. आता कुणी बंद पडलेला चार्जर घेऊन आलं तर पिन फुंकून, पुसून देतो. वाद घालायची ताकद राहिली नाही.

या धंद्यात माणूस दमतो तो कामानं नाही, अवजारांनी दमतो. सुताराचा रंधा त्याच्या पोराच्याही हाती चालतो. मी मागच्या दिवाळीला जे अवजार शिकलो, ते या दिवाळीला 'जुनं' झालं. नवं शिकायला बसलो की कळतं, हे तर त्याच्याही आधीच्यासारखंच आहे, फक्त नाव बदललंय. पोरं विचारतात, "सर, तुमी अजून तेच वापरून राहिले?" व्हय बाबा, तेच वापरून राहिलो. त्याच्यावर माझ्या लेकीचं शिक्षण झालंय.

गिऱ्हाइकांचं तर काय सांगावं! एका देवस्थानाच्या मंडळींना वेबसाइट उघडली की घंटा वाजायला पाहिजे होती. मी परोपरीनं सांगितलं, लोकांना आवडणार नाही. ऐकतील तर ना! बसवली घंटा. मग त्यांच्याच अध्यक्षांनी एका सरकारी बैठकीत मोबाइल काढून साहेबांना वेबसाइट दाखवायला घेतली, आणि भर बैठकीत ती घणघणली. दुसऱ्या दिवशी मला फोन, "ती घंटा कोणी बसवली?" एका खतवाल्याला त्याच्या फोटोतले डोळे मिचकावताना हवे होते. मी ते केलंही. माझ्या हातून काय काय झालंय, त्याची यादी देत बसत नाही.

दर महिन्याला एका रविवारी आम्ही वेबसाइटचं काम करणारे चार लोक एका शिकवणीच्या हॉलमध्ये जमतो. मोठ्या शहरात अशा जमण्याला फार मान असतो म्हणे. वक्ते येतात, टी-शर्ट वाटतात. आमच्याकडे ज्याला काही अडलं तो ते पडद्यावर दाखवतो, बाकीचे त्याला नावं ठेवतात, मग चहा. सुरुवातीला खुर्च्या कमी पडायच्या. त्यातली निम्मी पोरं पुण्याला गेली, काही हैदराबादला, एकानं तर शेळीपालन काढलं आणि तो आम्हा सगळ्यांत सुखी आहे. मी मात्र जातो. का जातो, हे घरच्यांना सांगता येत नाही. सगळा महिना ज्या गोष्टीवर डोकं आपटलं, ती समजणारं माणूस समोर बसलेलं असतं, एवढं एकच कारण आहे.

तर अशाच एका रविवारी मला कऱ्हाळ्यांचा अर्धा र सापडला.

त्याच्या आधीचं सांगायला पाहिजे. आमच्या भागातल्या एका समाजमंडळासाठी मी वधू-वर सूचक वेबसाइट केली आहे. मुला-मुलीची माहिती भरायची, आणि समोरच्यानं आडनाव टाकून शोधायचं. शिक्षण, उंची, वय यांच्याही चाळण्या मी हौसेनं ठेवल्या होत्या, पण त्या कोणी वापरत नाही. आमच्याकडे सोयरीक आडनावावरून चालते. "अमक्यांच्यात आमची मावशी दिलेली हाय, त्यांच्या पोरी दाखवा," अशी सुरुवात. ज्यांना मोबाइल जमतो ते माहिती स्वतः भरतात. ज्यांना जमत नाही ते माझ्या शेजारच्या गाळ्यात युनूसभाईकडे येतात. युनूसभाई टाइपिंगवाले. लग्नपत्रिका, बॅनर, अर्ज, प्रतिज्ञापत्रं, सगळं त्यांच्या बोटांखालून जातं. त्यांचे वडील निजामाच्या वेळच्या कचेरीत उर्दू लिहायचे, हे मराठी लिहितात. बटणांकडे न बघता.

आमच्या सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावकडचे किसनआप्पा कऱ्हाळे त्यांच्याकडेच आले होते. लेकीचं, सविताचं नाव नोंदवायला. आप्पा बोलत गेले, युनूसभाई टाइप करत गेले, आणि वेबसाइटवर माहिती चढली. मग आप्पा दर बाजाराला हळद घेऊन मोंढ्यात आले की माल लावून झाल्यावर माझ्याकडे डोकावायचे.

"आलं का काही?"

"नाही आप्पा."

"दिसून तरी राहिलं का तुमच्या त्याच्यात?"

मी लगेच माझ्या लॅपटॉपवर 'कऱ्हाळे' टाकायचो. सविता किसनराव कऱ्हाळे, फोटोसकट समोर हजर. "हे बघा आप्पा, माझ्याकडं तर दिसतंय."

'माझ्याकडं तर दिसतंय.' आमच्या धंद्यात हे वाक्य सगळ्यांनी म्हटलेलं आहे आणि ते म्हणणाऱ्याच्या तोंडावर आपटलेलंही आहे. तरी आम्ही ते म्हणत राहतो.

दोन हळदी निघाल्या, शिजल्या, विकल्या गेल्या. एक फोन नाही. त्यांच्याच भावकीतल्या, शिक्षणानं कमी पोरींना स्थळं आली, लग्नं झाली. आप्पांचं विचारणं बदलत गेलं. आधी म्हणायचे, "फोटो बराबर न्हाई का?" मग, "वय जास्त दिसून राहिलं का?" एकदा तर माझ्यासमोर बसून म्हणाले, "पोरीतच काही खोट असंल. लोकाला आपल्याआधी कळतं." आप्पांची बायको औंढ्याच्या नागनाथाला सोमवार करू लागली. मला वाईट वाटायचं, पण मी काय करणार? वेबसाइट चालू होती. माझ्याकडं दिसत होतं.

त्या रविवारी हॉलमध्ये लाइट गेली आणि माझ्या लॅपटॉपची बॅटरी बसलेली. मी मंडळींना वेबसाइटचा वेग किती वाढवला ते दाखवणार होतो. मग म्हटलं, मोबाइलवर दाखवतो. सगळे माझ्याभोवती जमले. उदाहरण म्हणून सवयीनं आप्पांचंच आडनाव टाकलं. कऱ्हाळ्यांच्या बऱ्याच पोरी आल्या. सविता नाही.

मी पुन्हा टाकलं. नाही.

माझ्यासोबत चहापुरते येणारे युनूसभाई कप घेऊन मागे उभे होते. म्हणाले, "अरे, आप्पा की लडकी किधर गयी? मीच तर टाइप केली होती."

नंतर लाइट आली तेव्हा आम्ही दोन्ही 'कऱ्हाळे' पडद्यावर शेजारी शेजारी लावले. दिसायला अगदी एक. एक रेघ इकडची तिकडे नाही. मग अक्षरांच्या आतले आकडे उघडून बघितले, तर ते वेगळेच निघाले.

बाहेरच्या माणसाला हे सांगायचं तर असं. कॉम्प्युटरला अक्षर दिसत नाही, त्याला प्रत्येक अक्षराचा एक आकडा कळतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे सगळ्या जगानं बसून ठरवलंय. त्याला युनिकोड म्हणतात. ठरलंय म्हणून तर मी इथून मराठी पाठवलं की अमेरिकेतही मराठीच दिसतं. पण 'कऱ्हाळे' मधला तो कोयतीसारखा अर्धा र आहे ना, 'वऱ्हाड' मधला, 'शेतकऱ्या' मधला, तो लिहायच्या दोन रीती होऊन बसल्या. एका रीतीत आपला साधा र घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा आणि पुढे डोळ्याला न दिसणारी एक खूण टाकायची. दुसऱ्या रीतीत खाली टिंब असलेला वेगळाच ऱ घ्यायचा आणि त्याचा पाय मोडायचा. कागदावर दोन्ही सारखे. आकडे मात्र वेगळे. युनूसभाईंचा आणि माझा कीबोर्ड पहिल्या रीतीचा. लोकांचे मोबाइल दुसऱ्या रीतीचे. म्हणजे युनूसभाईंनी टाइप केलेली सविता फक्त मला आणि युनूसभाईंना सापडत होती. सगळ्या जगात आम्हा दोघांनाच! आणि आम्हा दोघांचीही लग्नं झालेली.

मंडळी हसून हसून बेजार झाली. लग्न जुळवायची वेबसाइट, आणि 'वऱ्हाड' शब्दातलंच अक्षर शोधता येत नाही! मीही हसलो. पण मनात आप्पांचं ते "पोरीतच काही खोट असंल" घोळत होतं.

दुरुस्ती किरकोळ होती. शोधण्याआधी तिन्ही र एकाच रूपात आणायचे. तिन्ही म्हणतोय, कारण ज्यांना तो र सापडतच नाही ते सरळ 'कर्हाळे' लिहून मोकळे होतात. काम चहा निवायच्या आत झालं. पुढच्या बाजाराला आप्पा आले तेव्हा मी त्यांना खुर्ची दिली, युनूसभाईंनाही बोलावलं आणि सगळं समजावून सांगितलं. त्यांना आकड्यांचं काही कळलं नाही. कळायचं तेवढं कळलं.

"म्हंजी पोरीत काही न्हवतं?"

"काहीच नव्हतं, आप्पा. खोट होती ती र मध्ये."

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटलं आता शिव्या देतील, आणि मी खायलाही तयार होतो. पण म्हणाले, "मी लई बोललो तिला. जेवताना बोललो." त्यांचे डोळे भरून आले. युनूसभाई घाईघाईनं पाणी आणायला गेले आणि लवकर परत आले नाहीत.

त्यानंतर आप्पांचा फोन थांबेना. वाशीमकडून, परभणीकडून, नांदेडहून. शिकलेली पोरगी, घरची हळद, फोटो चांगला. आप्पा मोंढ्यात भेटेल त्याला सांगू लागले, "आमचा र अडकला होता, आता सुटला." लोकांना वाटायचं काहीतरी जमिनीच्या मोजणीचं असेल. मलाही बरं वाटत होतं. इतक्या वर्षांत माझ्या एखाद्या कामानं कुणाच्या चेहऱ्यावर असा उजेड आलेला मी पाहिला नव्हता.

आणि मग एका दुपारी सविता स्वतः आली. जीपमधून उतरून थेट गाळ्यात. हातात रक्ताच्या नळ्यांचा थंड डबा. तो कोपऱ्यात नीट ठेवला, मग बसली.

"तुमीच का सर, तो र दुरुस्त करणारे?"

मी ऐटीत म्हटलं, "हो."

"काहून केला?"

मला वाटलं चेष्टा करतेय. पण ती हसत नव्हती. मग तिनं सांगितलं. ती रक्त-लघवी तपासायचं शिकलेली. हिंगोलीत एका लॅबमध्ये काम केलं, मग गोरेगावात स्वतःची छोटी लॅब काढली. आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायाबापड्यांना नुसतं रक्त द्यायला जीपनं सेनगाव-हिंगोली करावं लागायचं, ते थांबलं. साधं तिथंच तपासते, मोठ्या तपासण्यांच्या नळ्या हिंगोलीला पोचवते.

"हे सगळं कसं झालं माहितीये का, सर? तोवर-तोवर म्हणत झालं. आप्पा म्हणले, स्थळ येईस्तोवर शीक. शिकले. स्थळ येईस्तोवर नोकरी कर. केली. स्थळ येऊन नाही राहिलं, घरात बसून काय करते, तोवर काढ लॅब. काढली. लोक म्हणायचे बिचारी. मला मनातून बरं वाटायचं. आप्पा जेवताना बोलायचे तेव्हा रडायचे मी, पण सकाळी उठून लॅब उघडायचे. आता रविवारी पाव्हणे येऊन राहिले पाहायला. पोरगा पुण्यात आहे. आप्पांनी त्यांना सांगून टाकलंय, लॅब काय, तोवरची हाय."

मी विचारलं, "मग काय, तो र पुन्हा बिघडवू म्हणता?"

"येतो का बिघडवता?"

"एकीसाठी नाही येत. युनूसभाईंनी टाइप केलेल्या सगळ्याच कऱ्हाळ्यांच्या, वऱ्हाड्यांच्या पोरी गायब होतील."

"मग नको," ती पटकन म्हणाली. "लपायचं न्हाई मला. माझी माहिती काढा तुमच्या त्याच्यात."

मी काढली. आप्पांनी सांगितलेली, युनूसभाईंनी जशीच्या तशी टाइप केलेली. तिनं पडद्यावर बोट ठेवलं. 'नोकरी : आहे (लग्नापर्यंत)'.

"हा कंस काढा."

सगळं आयुष्य मी कंस शोधण्यात घातलंय. प्रोग्राममधला एक कंस सुटला की दिवस जातो. पण हा कंस शंभरदा डोळ्यांखालून गेला असेल आणि मी तो एकदाही वाचला नव्हता. लाज वाटली मला.

"आणि त्याच्या जागी लिहा, स्वतःची लॅब, गोरेगाव. लग्नानंतरही इथंच चालवणार. हे वाचून ज्याला यायचं तो येईल. पुण्यावाल्यालाबी वाचू द्या रविवारच्या आधी."

आता अडचण सांगतो. कोणाचीही माहिती बदलायची तर नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपीचा आकडा जातो, तो आकडा टाकल्याशिवाय बदल होत नाही. एकदा कुणीतरी खोडी काढून एका मुलाच्या माहितीत भलतंच लिहिलं होतं, तेव्हापासून मी हा नियम केला. आणि सविताच्या नावापुढे नंबर होता आप्पांचा.

ती म्हणाली, "तुम्हाला तर मागून करता येत असंल."

येतं. मालक मीच. पण मागून केलं की संपलं. उद्या कुणी वय कमी करायला येईल, परवा कुणी पहिलं लग्न लपवायला. हे मी तिला सांगितलं, आणि सांगताना मला माझाच राग आला. नियम बरोबर होता आणि समोर बसलेली पोरगीही बरोबर होती.

तिनं थोडा विचार केला. "पाठवा मग आकडा आप्पाला." आणि स्वतःच फोन लावून, स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. पलीकडे मोंढ्यातला गलका, हळदीच्या बोली चाललेल्या.

"आप्पा, तुमच्या मोबाइलवर आकडा आलाय बघा. तेवढा सांगा."

"कशाचा आकडा? बँकेवाले म्हणले कोणालाच सांगू नको. लेकीलाबी न्हाई."

"बँकेचा न्हाई, आप्पा. वेबसाइटचा. माझ्या माहितीत बदल करून राहिले मी."

"काय बदल?"

तिनं गोल-गोल काही केलं नाही. वाक्य होतं तसं वाचून दाखवलं. लग्नानंतरही इथंच चालवणार. गलका ऐकू येत होता, आप्पा नाही. कुणीतरी हमाल ओरडला, पोती सरकवल्याचा आवाज झाला. युनूसभाई दारात येऊन उभे राहिले होते. पडद्यावरची आकड्याची मुदत संपली आणि लाल अक्षरं आली.

मी हळूच विचारलं, "परत पाठवू का?"

"पाठवा." तिनं कोपऱ्यातला डबा ओढून पायाशी घेतला. मग फोनकडे वाकून म्हणाली, "आप्पा, तुमची साखर कोण तपासतं? आईची कोण तपासतं? अख्ख्या गावाची मी तपासते. कंसात ठेवून नका देऊ मला."

"पुण्यावाले येणार न्हाईत मग," आप्पा म्हणाले.

"नका येऊ."

"आणि दुसरं कुणी न्हाई आलं तर?"

"तर न्हाई आलं, आप्पा. पण ह्या खेपेला कुणी माझ्यात खोट नका काढू."

मला वाटलं फोन ठेवला. मग आप्पांचा आवाज आला, जड झालेला, पण काट्यावर वजन सांगतात तसा एकेक आकडा सुटा. "सात... झालं का? दोन... नऊ... पुन्हा नऊ... एक..." मी टाकत गेलो. शेवटच्या आकड्यापाशी ते थांबले.

"काय गं, मांडवातबी लोकाचं रक्तच काढत बसशील का तू?"

"कुणाला चक्कर आली तर काढीन की!"

पलीकडे आप्पा नाक ओढत हसले का रडले, गलक्यात कळलं नाही.

"मग लिही," ते म्हणाले. "चार."